सोनकीचं सुतक

सतरंज्या झटकायचं काम आपल्या गळ्यात नेमकं कधी पडलं, हे ललिताला आता आठवत नव्हतं. नव्वदच्या सुमारास ती कळवणहून नाशकात आली ती ग्रंथपाल म्हणून. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत जागृती सार्वजनिक वाचनालयाची बैठी इमारत होती, दोन खोल्या आणि एक लांबट हॉल. तेव्हा शिपाई होता. तो निवृत्त झाला. त्याच्या जागी दुसरा नेमायचा ठराव दरवर्षी मांडला जायचा आणि दरवर्षी चहाच्या आधी पुढं ढकलला जायचा. तोवर सतरंज्या कुणीतरी झटकायला हव्यात, माइकवाल्याला निरोप द्यायला हवा, तांब्यावर फुलपात्र उपडं घालून तो पाहुण्यांपुढं ठेवायला हवा, फळ्यावर रंगीत खडूनं पाहुण्यांचं नाव काढायला हवं. कुणीतरी म्हणजे ललिता. तेव्हापासून तीच ती कुणीतरी होती.

लोकांनी वाचावं म्हणून तिनं काय केलं नव्हतं? निबंधस्पर्धा घेतल्या, त्यात पोरांच्या नावावर आयांनी निबंध लिहिले. ग्रंथदिंडी काढली, तिच्यात लेझीमवाली पोरं नाचून दमली आणि वाटेत बर्फाचे गोळे दिसल्यावर पालखी रस्त्यातच टेकवून पसार झाली. घरोघरी केबल आल्यावर तर संध्याकाळच्या व्याख्यानाला ठरलेलीच डोकी उरली. त्यातले एक निवृत्त गृहस्थ वक्ता उभा राहिला की कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचे आणि कपबशांची हालचाल दिसली की परत लावायचे. ललिता मागं दाराशी उभी राहून हे बघायची. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. पुढं पुढं तिला त्यांचा हेवा वाटायला लागला.

घरी म्हातारी आई. अक्काबाई. उभा जन्म कळवणकडं काढलेली, नाशकात येऊनही जिभेवरची अहिराणी न सोडलेली. लेक संध्याकाळी चपला काढून भिंतीला टेकली की म्हातारी म्हणायची, "दिनभर लोकेसले वाचीसन दाखाडस, अन् घर उनी का मुकी! मन्हासंगे बोलाले तुना आवाज उरत नही का वं?"

ललिता नुसती हात हलवायची. खरंच उरायचा नाही.

आवाज जायचा तो दुपारी. तिच्या सगळ्या दिवसात जीव असलेला असा तो एकच तास होता.

वाचनालयापासून धरणाच्या अंगाला पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की बंगले संपायचे आणि मळे लागायचे. झेंडू, शेवंती, गुलाब. तिथं भागीबाईची पत्र्याची पडवी होती. नवरा सहादू पहाटे फुलं तोडायचा, संध्याकाळी हारांच्या पाट्या मोपेडला बांधून बाजारात न्यायचा, आणि मधल्या दुपारी पडवीत बायका ओवायला बसायच्या. भागीबाई, तिची सासू धोंडाबाई, नवी सून शुभांगी आणि शेजारपाजारच्या आणखी दहा-बारा जणी. मधोमध फुलांचा ढीग, प्रत्येकीच्या मांडीवर ओला फडका, हातात लांब सुई.

वाचनालयाच्या पाहुण्यांचा हार इथूनच जायचा. भागीबाई त्याचं काही घेत नसे. "इद्येचं काम हाय, त्याला काय घ्यायचं," म्हणायची. एका वर्षी ललिता हार न्यायला आली तर तो अर्धाच झाला होता. ती पोत्यावर बसली, पिशवीतलं पुस्तक काढून मनात वाचायला लागली. भागीबाईनं सुई न थांबवता विचारलं,

"ताई, एकल्याच काय गिळताय ते? मोठ्यानं वाचा की. आमचे हात गुतलेत, कान मोकळेच हायेत."

त्या दिवसापासून हे सुरू झालं. वाचनालयाचे कार्यवाह गायधनी सर, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना ते आवडलं. 'वाचनालय आपल्या दारी' असं नाव देऊन त्यांनी ते वार्षिक अहवालात घातलं, एकदा पेपरात फोटोही आला. ललिता रोज दुपारी चहाच्या आधी कुणातरी पेपर वाचणाऱ्या आजोबांना टेबल सांभाळायला सांगायची आणि छत्री घेऊन निघायची. उन्हात पाय भाजायचे. पडवीत पोचली की शुभांगी तांब्याभर पाणी द्यायची आणि म्हणायची, "बसा ताई. कालच्यानं रात्री आजींना झोप नाय, मला बी नाय. ती सोनकी पुढं कुठं गेली ते आधी सांगा."

सोनकी ही त्या हिवाळ्यात वाचायला घेतलेल्या कादंबरीतली. दिगंबर पाथरे नावाच्या एका वयस्कर लेखकाची जाडजूड कादंबरी, पुठ्ठा निसटलेली, कोपरे उंदरांनी कुरतडलेली, वाचनालयातून वर्षानुवर्षं कुणी न नेलेली. सोनकीला आई नाही, बाप नाही. चांगल्या खात्यापित्या घरात दिलेली. पुढं तिच्यावर आळ येतो, सासरचे तिला तान्ह्या पोरासकट बाहेर काढतात, मग ती दगडाच्या खाणीवर राबते. गोष्ट साधीच होती. पण पडवीतल्या बायकांनी ती आपलीशी करून टाकली. सासूचं नाव आलं की कुणीतरी थुंकायचं. सोनकी परत सासरच्या दाराशी जायला निघाली तेव्हा धोंडाबाईनं सुई उगारून दटावलं, "नको जाऊ गं त्या दळभद्र्यांकडं! इकडं ये, भाकरीला काय कमी हाय का?" आणि मग वाचणाऱ्या ललिताकडंच रागानं बघितलं, जणू हिनंच तिला पाठवलं.

"आजी, मी काय करू? पुस्तकात तसं लिहिलंय."

"लिव्हणाऱ्याला म्हणावं, तुझ्या घरात लेकीबाळी नायत का?"

दोन हजार साली फेब्रुवारीत वाचनालयाचा वर्धापनदिन आला, आणि पाहुणे म्हणून ठरले नेमके हेच पाथरे. ललितानंच नाव सुचवलं होतं. बाकीच्या मोठ्या लेखकांनी नकार कळवला होता, त्यामुळं कमिटीनंही मान डोलावली.

मग एक दिवस गायधनी सरांनी तिला बोलावलं.

"बसा ललिताबाई. तुमच्या त्या फुलवाल्या बायकांविषयी बोलायचंय."

"काय झालं सर?"

"झालं काही नाही. कमिटीत विचारतात हो लोक. बाई दुपारी जातात कुठं? आता आपण अभ्यासिका काढतोय. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर बसणार, तिथं जबाबदार माणूस नको का? मी म्हटलं, बाईंचं काम चांगलंय. तर म्हणे, मग त्या बायका वाचनालयात कधी दिसत कशा नाहीत?"

"त्यांचे हात मोकळे नसतात सर."

"एक दिवस मोकळे करू द्या. पाथरेंच्या कार्यक्रमाला पुढच्या दोन ओळींत त्या बायका दिसल्या पाहिजेत. सगळ्यांच्या डोळ्यांनी बघू दे. मग तुमचा तास मी सांभाळतो, शब्द देतो. नाही आल्या तर एक तारखेपासून तुम्ही टेबलाशी. मग मला गळ घालू नका." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि हार. हार त्यांचाच हवा. गेल्या वेळचा सुरेख होता."

ललिता म्हणाली, "येतील सर. त्याच लेखकाची गोष्ट ऐकताहेत."

तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी तिला जरा हुशारी आली. पुस्तकातला सोनकीचा भाग थोडाच राहिला होता. कार्यक्रमाच्या आत सोनकीची गोष्ट उरकली की बायका लेखकाला बघायला आपणहून येतील, असा तिनं हिशेब केला, आणि पडवीत आमंत्रणही देऊन टाकलं. म्हणून त्या आठवड्यात ती जास्त जास्त वाचत गेली. घसा बसला होता. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सगळं करून झालं. दम लागायचा, वाक्याच्या मध्येच आवाज फाटायचा, पण ती थांबली नाही.

आणि म्हणून, कार्यक्रम शनिवारचा असताना, सोमवारी दुपारी तिनं सोनकीला मारलं.

गावाबाहेरच्या धर्मशाळेत, तापानं. पोर उशाशी बसलेलं. पहाटे धर्मशाळेतल्या माणसांनी तिला नेलं, एवढ्या एका ओळीत लेखकानं सगळं उरकलं होतं. ललिताचा आवाज त्या ओळीला इतका घोगरा झाला की भागीबाई म्हणाली, "परत वाचा ताई. ऐकू नाय आलं."

ललितानं परत वाचलं.

शुभांगीनं पदर तोंडात धरला होता. मळ्यातल्या मोटारीचा आवाज तेवढा येत होता. मग धोंडाबाईनं मांडीवरचा अर्धा ओवलेला हार उचलला, सुई काढून फडक्यात खोवली आणि हार बाजूला ठेवला.

"ठेवा गं पोरींनो. आज नाय."

"आत्याबाई, काळारामाकडचे हार जायचेत," भागीबाई म्हणाली.

"आपल्या हातचे नाय जायचे. सुतक हाय."

शुभांगी रडता रडता हसली. "आजी, अहो ती पुस्तकातली हाय!"

"मग? चार महिने झाले, रोज दुपारी आपल्या पडवीत येऊन बसती. तुझ्या माहेरची माणसं तरी इतकी येत्यात का?"

शुभांगीनं आपली सुई खाली ठेवली. बाकीच्या बायकांनीही एकेक करत सुया खाली ठेवल्या. काही जणींना ती गंमत वाटली असावी, काही जणींना खरंच हुंदका आवरत नव्हता, आणि एक-दोघी नुसत्याच दमलेल्या होत्या, त्यांना सुई ठेवायला निमित्त हवं होतं. पण धोंडाबाई गंमत करत नव्हती. तिनं पाय पसरले आणि विचारात पडली.

"किती धरायचं गं भागे?"

भागीबाईच्या डोक्यात लगेच धंद्याचा हिशेब सुरू झाला. "लेक धरा की आत्याबाई. सासरी दिलेली लेक गेली तर माहेरी तीन दिवस. गुरुवारी फिटलं."

"लेक कशी? आपल्या घरातून गेली का ती?"

"माहेर नव्हतं तिला. आपणच माहेर म्हणायचं."

ललितानं घाईनं मान डोलावली. गुरुवार चालला असता. शनिवारला हार झाला असता, बायका आल्या असत्या.

धोंडाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "आन् दहा दिवसांचं कोण धरणार? सासरच्यांनी हाकलून दिलेली. त्यांच्या दारात हिच्या नावानं कुणी पाणी बी सोडणार नाय. ते राहिलंच की मग. ते आपण धरू. सून म्हणून."

"आत्याबाई, लगीनसराई हाय."

"सुटी फुलं विका. ट्रकांचे हार करा. देवाला आन् शुभकार्याला आपला हात नाय लागायचा दहा दिवस. माझा तरी नाय."

सासूनं असं म्हटल्यावर भागीबाईला दुसरा रस्ता उरला नाही. संध्याकाळी सहादू मोपेड घेऊन आला, रिकाम्या पाट्या बघून म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" बायकांनी सांगितलं. तो जाऊन खाटेवर बसला. "आरं देवा. आता बाजारात कुणी इचारलं तर काय सांगू मी?"

"सून गेली म्हणावं," धोंडाबाई आतून म्हणाली.

"आन् ही शुभांगी दिसली कुणाला, तर? तिला भूत समजतील लोकं!"

ललिता छत्री विसरून घरी गेली.

त्या रात्री तिला कळून चुकलं की हे सगळं तिनंच घडवलं. सोनकी आणखी आठवडाभर जगली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. कार्यक्रम झाला असता, तास वाचला असता, मग मारायची तेव्हा मारता आली असती. इतकी वर्षं चार लोक पुस्तकाशी जोडायचे म्हणून ती राबली, आणि जोडले गेले ते असे जोडले गेले की कार्यक्रमच बुडाला.

अक्काबाईनं ताट वाढलं. लेक जेवत नाही बघून म्हणाली, "कसाले तोंड पाडी बठनी? कोन मरनं?"

ललितानं फुटक्या आवाजात सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, आणि हसेल असं ललिताला वाटलं होतं तर ती हसली नाही. तिनं ताटातलं गोड काढून घेतलं आणि म्हणाली, "मंग तू बी नको खाऊ."

शुक्रवारी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, ललिता परत मळ्यात गेली. वाटेत तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं. फार मोठं नव्हतं. अहो, ती खोटी आहे. एका माणसानं खुर्चीत बसून लिहिलेली. अशी बाईच कधी नव्हती. एवढं म्हटलं की धोंडाबाई ओशाळेल, भागीबाईला सुटल्यासारखं होईल, शुभांगी हसेल. हार होईल. उद्या पुढच्या दोन ओळी भरतील. आणि तास राहील.

पडवीत बायका होत्या, पण सुया नव्हत्या. सुटी फुलं निवडण्याचं काम चाललं होतं, तेही आवाज न करता. ललिताचं नेहमीचं पोतं जागच्या जागी अंथरलेलं होतं. त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. तिची छत्री भिंतीशी उभी करून ठेवलेली. ती बसली. भागीबाईनं कोरा चहा आणून दिला. दुखवट्याच्या घरी देतात तसा, काही न बोलता, नजर खाली ठेवून.

ललितानं कप हातात घेतला. वाक्य ओठांवर होतं.

"उद्या तुमचा कारेक्रम ना ताई?" भागीबाईनंच विचारलं. "आम्हाला यायला नाय जमायचं. वाईट नका वाटून घेऊ. सुतकात असं सभेला, सत्काराला कसं जायचं?"

"आन् हार मागू नका," धोंडाबाई म्हणाली. "ज्यानं मारली तिला, त्याच्या गळ्यात माझ्या हातचा हार? सुतक नसतं तरी नसता दिला."

"ते आलेत तर इचारा त्यांना," शुभांगी हळूच म्हणाली, "पोराचं काय केलं म्हणून."

ललितानं त्या सगळ्यांकडं बघितलं. दहा वर्षांत तिनं कितीतरी पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं होतं की पुस्तकातली माणसं जिवंत असतात. टाळ्या पडायच्या. लोक उठून बसस्टॉपकडं जायचे. इथं कुणी तसं म्हणत नव्हतं. इथं बायका हारांचा धंदा बंद करून बसल्या होत्या. ह्यांना ती कुठल्या तोंडानं सांगणार होती, की सगळं खोटं आहे? एकदा तसं सांगितल्यावर मग पोत्यावर बसून पुढं वाचायचं तरी काय?

चहा संपला. निघताना ती सवयीनं "येते" म्हणणार होती. दुखवट्याच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, हे ऐनवेळी आठवलं. छत्री उचलून ती गुपचूप चालू लागली.

शनिवारी तिनं फुलबाजारातून हार आणला. बारीक तारेवर ओवलेला, वरून पाणी मारलेला, आत कालची फुलं. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, पुढच्या दोन ओळींत खुर्च्या मांडल्या. खुर्च्या रिकाम्या राहणार हे माहीत असूनही नीट पुसून घेतल्या.

पाथरे लवकर आले. सडपातळ, गळ्याला मफलर, हातात कापडी पिशवी. प्रवासानं पार शिणलेले. वाचनकक्षात बसून त्यांनी गरम पाणी मागितलं. ललितानं आणून दिलं. टेबलावर उंदरांनी कुरतडलेली ती कादंबरी होती, ती उचलून त्यांनी पुढं-मागं बघितली.

"ही अजून कोणी वाचतं?"

ललितानं बसलेल्या घशानं सगळं सांगितलं. पडवी, सुया, सोमवार. मध्ये मध्ये आवाज जात होता तेव्हा ती खुणा करत होती. पाथरे पुढं झुकून ऐकत होते. ऐकता ऐकता हसले, आणि मग त्यांचं हसू विरलं.

"तीन की दहा?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"म्हणजे सून धरली."

"सासरच्यांचं राहिलं म्हणाल्या. ते आपण करू."

पाथरे पाण्याच्या पेल्याकडं बघत बसले. "खरं सांगू का, मी तिला विसरलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा पुस्तक संपवायची घाई होती. एका ओळीत उरकली मी तिला." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आज मंचावर हार घालणार का तुम्ही मला?"

"रीत आहे सर."

"बरं."

कार्यक्रम सुरू झाला. नेहमीची डोकी मागच्या ओळींत बसली, पुढच्या दोन ओळी मोकळ्या. गायधनी सर सूत्रसंचालन करता करता त्या खुर्च्यांकडं बघत होते आणि मग दाराशी उभ्या असलेल्या ललिताकडं. अध्यक्षांनी हार उचलला. पाथऱ्यांनी दोन्ही हात पुढं केले, हार हातातच घेतला, आणि टेबलावर ठेवून दिला.

"माफ करा," ते माइकमध्ये म्हणाले. "आज मला हार चालत नाही. घरचं कारण आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कानातलं यंत्र खिशात ठेवलेल्या गृहस्थांनी ते घाईनं परत लावलं. अध्यक्षांनी हळहळून हात जोडले. गायधनी सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पाथरे त्यानंतर थोडंच बोलले, काहीतरी भाषेविषयी, आणि त्यांचा आवाजही ललिताइतकाच दमलेला होता. नाशिकरोडहून त्यांना गाडी पकडायची होती. जाताना ते ललितापाशी थांबले, काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं, पण रिक्षावाला घाई करत होता. "त्यांना सांगा," एवढंच म्हणाले. काय सांगायचं ते राहूनच गेलं.

सतरंज्या गुंडाळताना गायधनी सर आले.

"केवढी शोभा झाली! माणसाच्या घरात कोणी गेलंय, आणि आपण त्याच्या गळ्यात हार घालतोय. तुम्ही आधी चौकशी नाही केली? कोण गेलं त्यांचं?"

ललितानं सतरंजी खाली ठेवली. "सोनकी."

"कोण सोनकी? बहीण का?"

"त्यांच्या कादंबरीतली, सर. बायकांनी सुतक धरलंय. म्हणून त्या आल्या नाहीत. म्हणून हार बाहेरून आणला. ते ऐकून पाथऱ्यांनीही धरलं."

सर तिच्याकडं बघतच राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना रागावायचं होतं, पण नेमकं कशावर, ते सापडत नव्हतं. शेवटी पुसलेल्या त्या रिकाम्या खुर्च्यांपैकीच एकीवर ते बसले.

"हे मी कमिटीत कसं सांगू हो? कादंबरीतल्या बाईचं सुतक! लोक वाचनालयाला हसतील." त्यांनी कपाळ दाबलं. "मलाही थकायला होतं ललिताबाई. मी शब्द दिला होता, पण बायका आल्या असत्या तर. आता माझ्या हातात काही राहिलं नाही. एक तारखेपासून तुम्ही टेबलाशी बसा. अभ्यासिकेच्या पोरांकडं बघा."

"बरं सर."

"काही म्हणायचंय का तुम्हाला?"

म्हणायला आवाजच नव्हता. तिनं मान हलवली आणि सतरंजी उचलली.

एक तारखेपासून ती टेबलाशी बसली. पोरं यायची, जाडजूड गाइडं उघडायची, पेन्सिलीनं खुणा करायची. पंखा फिरायचा. दुपारी पायांना सवयीनं उठावंसं वाटायचं. ती टाचा जमिनीला घट्ट टेकवून बसायची. मळ्याकडं निरोप पाठवायचा राहिला. काय पाठवायचा, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

सुतक फिटून गेलं होतं. पुढच्या सुट्टीच्या वारी, घरी पडून राहायचं असं ठरवूनही, ललिता जेवणानंतर उठली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि निघाली. अक्काबाईनं दारातून विचारलं, "आते कोठे?" तिनं नुसतं बोटानं दाखवलं.

पडवी शेणानं सारवलेली होती. बायका ओवायला बसल्या होत्या, ढीग पिवळाजर्द होता. तिला बघून शुभांगी उठली, पाण्याचा तांब्या आणला.

"इतके दिस कुठं होता ताई? आमाला वाटलं तुमी दुसरीकडं वाचायला लागल्या."

ललितानं घशाला हात लावला. मग अडखळत, कुजबुजत सांगितलं की आता रोज जमणार नाही. दुपारी टेबलाशी बसावं लागतं. कारण तिनं सांगितलं नाही, पण भागीबाईला उमगलं. तिनं सासूकडं बघितलं. धोंडाबाईची सुई थांबली.

"आमी नाय आलो म्हणून?"

ललितानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मग त्या दिवशी आलीस तवा बोलली का नाय?" म्हातारी एकदम अगंतुगंवर आली. "चहा पिऊन गुमान गेलीस. म्हणायचं होतं, आजे, माझा तास जातोय. लेक धरली असती मी. तीन दिवसांत मोकळं केलं असतं."

"मग तिचं दहाव्याचं राहिलं असतं," ललिता म्हणाली. दहा-बारा दिवसांतलं तिचं पहिलं ऐकू येण्याजोगं वाक्य.

धोंडाबाईनं थोडा वेळ तिच्याकडं बघितलं, मग पुन्हा सुई चालू केली. "ते बी खरंच हाय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "त्या लिव्हणाऱ्यानं काय केलं गं? हार घातला का?"

"नाही घातला. म्हणाला, घरचं कारण आहे."

धोंडाबाईनं एक टपोरा झेंडू उचलला, फिरवून बघितला आणि ओवला. "हां," ती म्हणाली. "बापाला चुकत नाय."

"पुढं हाय का अजून?" शुभांगीनं पिशवीकडं बघून विचारलं.

"आहे. पोराचं."

"मग वाचा की."

ललितानं पुस्तक उघडलं, तोंड उघडलं, आणि घशातून नुसती हवा आली. तिनं परत खाकरून बघितलं. भागीबाईनं सुई फडक्यात खोवली, हात पुसले, तिच्या मांडीवरचं पुस्तक काढून घेतलं आणि सुनेच्या अंगावर टाकलं.

"तू वाच गं. धाव्वी पास करून आलीस म्हणून मिरवत होतीस ना?"

"आवो आई, माझे हार!"

"हार ताई करतील."

शुभांगीची सुई आणि ओला फडका ललिताच्या हाती आला. शुभांगी वाचायला लागली. शाळेत धडा वाचतात तशी, एका सुरात, कुठंही न थांबता, जोडाक्षर आलं की आपटत. "सावकाश, म्हशी मागं लागल्यात का?" धोंडाबाई ओरडली. ती सावकाश झाली. मधलं एक पान तिनं दोन पानं एकदम उलटून गाळलं, ते एकट्या ललिताला कळलं. तिला सांगायचं होतं. पण पोर आता धर्मशाळेच्या पायरीवर उभं होतं, आणि पुढं काय झालं ते ललिताला पाठ असूनही, दुसऱ्या कुणाच्या आवाजात ते नवंच वाटत होतं. तिला कुणी शेवटचं कधी काही वाचून दाखवलं होतं? शाळेत बहुतेक. नाहीतर कधीच नाही.

तिनं चार फुलं ओवली. पाचव्याला सुई बोटात गेली. सहावं हातातच राहिलं. पोत्याला झेंडूचा ओला, उग्र वास येत होता. पाठीमागं भिंत होती. ललितानं डोकं टेकवलं.

"झोपल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

शुभांगी वाचता वाचता थांबली.

"तू थांबू नको," धोंडाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "नुसतं हळू वाच."